त्या सकाळी मी बोथट होते

मी सुरी बोलतेय. सुरा नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. सुरा जाडजूड, त्याचं काम हाडं फोडायचं, त्याला ना नजाकत ना लाज. मी पातळ, वीतभर आणि वर चार बोटं. माझं काम गळ्याचं. कत्तलखान्यात आलेल्या रेड्याच्या आयुष्यातली शेवटची गोष्ट मी असते आणि ती मी पटकन उरकते. एका सकाळी मात्र नाही उरकली. त्याच सकाळचं सांगणार आहे. ऐकताना कुणाला मळमळलं तर खुशाल उठून जा, मी कुणाला धरून ठेवत नाही.

जन्मच माझा मारहाणीत झाला. एक ट्रक दरीत कोसळला, ड्रायव्हर जागच्या जागी गेला, ट्रक भंगारात आला. त्याच्या कमानीचा एक पाटा लोहारानं उचलला आणि भट्टीत खुपसला. लोहार तोंडानं शिव्या देत होता आणि हातानं घण घालत होता. शिव्या बायकोला होत्या, घण मला. दोन दिवस बडवलं मेल्यानं. शेवटी लालभडक असताना तेलात बुडवलं, तेव्हा मी जी किंचाळले ती पहिली आणि शेवटची. त्यानंतर माझ्या तोंडून आवाज निघाला नाही. पुढं एकदा मला फार ओरडायचं होतं, पण ते येईलच.

मला ज्यानं घेतलं त्याला सगळे 'एकघाव' म्हणत. बुटका, मनगटं रुंद, बोलणं मोजकं. वीस वर्षं गळ्याचं काम करत होता आणि वीस वर्षांत दुसरा घाव कधी घातला नव्हता. माझं टोक शिरायचं, मनगट एकदाच फिरायचं, रेड्याचे गुडघे मोडायचे. 'काय झालं' हे त्या जनावराला कळायच्या आत ते संपलेलं असायचं. रक्त मोरीतून वाहून गेलं की एकघाव मला पुसायचा, आधी पाण्यानं, मग फडक्यानं, मग अंगठ्यानं. तुम्ही म्हणाल, खुनी माणूस. म्हणा. पण मी इतर हातही पाहिलेत. ज्याचा हात कच्चा, त्याच्या रेड्याला मरायला किती वेळ लागतो ते मला विचारा.

आता उभं कोण कुठं राहतं ते नीट ऐका, कारण सगळं त्याच्यावरच आहे. फरशीत एक लोखंडी कडी आहे. रेड्याच्या मानेचा दोर त्या कडीतून जातो आणि त्याचं टोक धरून एक माणूस समोर उभा राहतो. तो दोर ओढतो, रेड्याचं डोकं खाली येतं, गळा ताणला जातो, मग एकघाव बाजूनं येतो. दोरवाल्याच्या पाठीमागं लोखंडी कठडा. समोर शिंगं, मागं कठडा, मधे दोन हात जागा. पहिला घाव बरोबर बसला तर दोरवाल्याला काही होत नाही. नाही बसला तर त्याला पळायला वाट नाही.

हा दोरवाला म्हणजे एकघावचा मेहुणा. पस्तिशीचा, झुपकेदार मिशांचा, दिवसभर टवाळी करणारा. आईबाप लवकर गेले, थोरल्या बहिणीनं त्याला वाढवला. इतर ठिकाणी कुठं टिकला नाही, तेव्हा बहिणीनंच त्याला हाताला धरून कत्तलखान्यात आणलं. मी तेव्हा एकघावच्या कमरेला होते, सगळं ऐकलं.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "माझं माहेर म्हणजे हा एवढा एक माणूस. तुमच्या हातासमोर उभा करतेय."

"माझा हात कधी चुकलाय?"

"चुकला नाही म्हणूनच आणलाय."

मेहुणा मधेच म्हणाला, "ताई, दाजींच्या हाताचं सोड, मला त्या रेड्याच्या तोंडाचा वास सहन होईल का ते विचार." ती हसली नाही. तिनं फक्त माझ्याकडे एकदा बघितलं.

आमच्याकडे रोज सकाळी कामाआधी अर्धा तास धार लावायचा. लांब बाकावर सात जण ओळीनं बसतात, मांडीवर निसणा, म्हणजे धार लावायचा दगड, आणि त्यावर ज्याची त्याची सुरी. शेवटी एकदा हातावरचे केस खरवडून बघायचे, केस निघाले की धार झाली. या अर्ध्या तासाचा एक कायदा आहे. दुसऱ्याच्या सुरीला हात लावायचा नाही आणि 'धार झाली का' असं विचारायचं नाही. विचारणं म्हणजे आईवरून शिवी दिल्यासारखं. एकानं एकदा सहज विचारलं होतं, त्याचा पुढचा दात त्याच बाकाखाली सापडला.

हात कामात, कान मोकळे. म्हणून काट्यावरच्या बाई, म्हणजे मांसाचं वजन करणाऱ्या, चष्मा लावून समोर बसायच्या आणि वर्तमानपत्र वाचून दाखवायच्या. खून, अपघात, भाववाढ. आमची माणसं मन लावून ऐकायची, विशेषतः खून.

मग छापखान्यातल्या लोकांचा संप झाला आणि पेपर यायचा बंद झाला. दोन दिवस नुसता निसण्यांचा खरखराट. तिसऱ्या दिवशी बाईंनी रद्दीत हात घातला. आमच्याकडे पुस्तकं येतात ती मांस गुंडाळायला. त्यातलं एक त्यांनी बाहेर ओढलं. पुठ्ठा नव्हता, पहिली वीसेक पानं नव्हती. लिहिणाऱ्याचं नाव कुणाच्या तरी कलेजीबरोबर आधीच निघून गेलं होतं.

"कविता दिसताहेत," बाई म्हणाल्या. "आणि मधेमधे विचार. कुणीतरी गाव सोडून रानात राहायला गेलाय."

"काय केलं होतं त्यानं?" डावऱ्यानं विचारलं. डावरा म्हणजे एकघावच्या शेजारी बसणारा, डाव्या हातानं काम करणारा.

"काही केलं नव्हतं. आपणहून गेला."

"मग वेडा असेल. वाचा."

बाईंनी वाचलं. तो रानातला माणूस म्हणत होता की डोंगर, मुंगी आणि मी, छात्या वेगळ्या, श्वास एकच. चार शहाणे जे सांगतात ते मी दाराबाहेर ठेवतो आणि माझ्या आत जो बोलतो त्याचं ऐकतो. त्याच्या वर दुसरा मुकादम मी मानत नाही.

बाक हसायला लागला. आमचा खराखुरा मुकादम दारात उभा होता. मेहुणा म्हणाला, "दाजी, तुमच्या आत कोण बोलतं हो? माझ्या आत तर नुसती भूक बोलते." डावरा म्हणाला, "श्वास एक असेल तर माझा दमा त्या मुंगीला देऊन टाका." सगळे हसले. एकघाव हसला नाही. त्याचा दगड माझ्यावर हळू फिरत होता, आणि इतक्या वर्षांत मला त्याच्या बोटांची ती चाल माहीत नव्हती.

संप मिटला, पेपर आला. पण एकघाव म्हणाला, "बाई, तेच वाचा." तो सहसा काही मागत नसे, म्हणून कुणी हरकत घेतली नाही. वाचून झालेलं पान बाई फाडून गुंडाळायला घेत, तर तो ते मागून घ्यायचा, चार घड्या करायचा आणि माझ्या म्यानात सरकवायचा. दिवसभर ती पानं माझ्या अंगाला घासायची. मला कविता कळत नाही. कागदानं धार मरते एवढं मला कळतं.

माणूस बदलायला लागला. पूर्वी तो फक्त गळा बघायचा, आता डोळे बघायला लागला. घावाआधी क्षणभर थांबायचा. एवढासाच, पापणी लवण्याइतका. दुसऱ्या कुणाला दिसला नसता, पण दोर धरून समोर उभ्या असलेल्याला दिसला.

"दाजी, हल्ली तुम्ही रेड्याच्या तोंडाकडे बघता."

"बघण्यासारखं आहे."

"असेल. पण मी त्याच्याहून जवळ उभा आहे हो. माझ्याकडे पण बघत जा."

एकघाव त्याच्या पाठीवर थाप मारून पुढं गेला.

मग ती सकाळ. सात जण बाकावर. बाईंनी पान उघडलं. रानातला माणूस ओढ्यावर पाणी प्यायला गेला होता. पलीकडून एक बैल आला. यानं ओंजळ भरली, त्यानं तोंड लावलं, पाणी हललं, आणि पाण्यातल्या दोन चेहऱ्यांपैकी आपला कुठला आणि त्याचा कुठला, ते याला काही केल्या सांगता येईना. मग त्यानं तो प्रयत्नच सोडला आणि नुसता पाणी पीत राहिला.

एवढंच होतं. पण एकघावचा दगड थांबला. निसणा एका हातात, मी दुसऱ्या हातात, आणि तो समोरच्या भिंतीकडे बघत बसला. भिंतीवर काही नव्हतं. पाच मिनिटं गेली, दहा गेली, अर्धा तास संपला. आदल्या दिवशी मी एकोणीस गळे कापले होते. माझी धार ओठासारखी गोल झाली होती. अरे बाबा, दगड फिरव, मी आतल्या आत ओरडत होते. मेहुण्यानं मान वळवली. त्यानं थांबलेला दगड बघितला. मला बघितलं. त्याचे ओठ हलले आणि मिटले. कायदा होता ना! विचारायचं नाही. त्यातून हा बहिणीचा नवरा, वीस वर्षांचा एकघाव. त्याला कोण विचारणार?

घंटा झाली. एकघाव उठला, केस खरवडून बघायलाही विसरला, मला म्यानात घातलं, बाईंकडून ते पान घेऊन माझ्याशेजारी सरकवलं आणि चालायला लागला.

पहिला रेडा काळाकभिन्न होता, शिंगं मागं वळलेली. मेहुण्यानं दोर ओढला आणि मनगटाला दोन वेढे दिले, नेहमीसारखे. डोकं खाली आलं. एकघावनं त्याच्या डोळ्यात बघितलं, थांबला, आणि मला गळ्याला लावलं.

मी शिरले नाही. कातडी आत दबली, फाटली नाही. त्यानं जोर लावला. कातडी चिरली, मांस चिरलं, आणि अर्ध्यावर मी अडकले. रक्ताची धार उडाली ती त्याच्या तोंडावर. रेडा ओरडला. तो आवाज त्याच्या तोंडातून निघाला नाही, मी पाडलेल्या भोकातून निघाला. मग त्यानं डोकं वर घेतलं. दोर कडीतून सर्रकन मागं आला आणि दोराला बांधल्यासारखा मेहुणा पुढं ओढला गेला. मनगटाचे वेढे सुटेनात.

शिंग बरगडीखाली शिरलं. कठडा ठणकन वाजला. रेडा मागं झाला, पुन्हा गेला. कठडा पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्यात लोखंडाचा आवाज कमी आणि हाडांचा जास्त होता. एकघाव रेड्याच्या मानेला लोंबकळला होता आणि मला खुपसत होता, उपसत होता, खुपसत होता. गळा, खांदा, जबडा, जिथं मिळेल तिथं. एकदा मी हाडावर घसरले आणि त्याच्याच तळहातात गेले. एकघावचे सात घाव मी मोजले. सातव्याला रेडा खाली आला, तो मेहुण्याच्या पायांवर.

डावऱ्यानं आणि इतरांनी मिळून त्याला ओढून काढलं. छाती एका बाजूनं आत गेली होती. मिशांतून रक्ताचे बुडबुडे येत होते. एकघावनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"दाजी," तो म्हणाला, "दगड थांबला होता. मी बघितलं होतं."

"मग विचारायचं नाही का रे! विचारायचं नाही का!"

"तुम्हाला?" त्यानं हसायचा प्रयत्न केला. "ताईला नका सांगू." आणि तिथंच त्या फरशीवर, आम्हा सगळ्यांच्या देखत, तो गेला.

मुकादम भला माणूस होता. म्हणजे चार लोक ज्याला भला म्हणतात तसा. त्यानं एकघावला बाजूला घेतलं. "झालं ते झालं. दोर तुटला असं लिहितो. कुणाचं नाव नाही, कुणावर बालंट नाही. बहिणीलाही तेच सांगायचं." डावरा म्हणाला, "बरोबर आहे." दुसरा म्हणाला, "बरोबर आहे." सगळ्या बाकाला ते पटलं. मरणाऱ्याचीही तीच इच्छा होती.

एकघावनं तोंडावरचं रक्त बाहीनं पुसलं. मग म्हणाला, "आत जो बोलतोय तो काही वेगळं सांगतोय."

"आता पुन्हा ते पुस्तक काढू नकोस," मुकादम ओरडला.

"दोर तुटला नाही, साहेब. धार नव्हती."

दुपारी ती आली. मी बाईंच्या काट्याशेजारी टेबलावर पडले होते, रक्त वाळून काळी झालेली. मला कुणी हात लावला नव्हता, कायदाच होता तसा. एकघावनं तिला सगळं सांगितलं. ओढा, बैल, भिंत, थांबलेला दगड. काही लपवलं नाही, काही मऊ केलं नाही. तिनं ऐकून घेतलं. मग तिचा हात माझ्या मुठीवर आला.

लग्न झाल्यापासून तिनं त्याला 'अहो' शिवाय हाक मारली नव्हती. आता म्हणाली, "श्वास एकच असतो म्हणे तुझा? मग माझ्या भावाचा श्वास तुझ्या छातीत असेल. दे परत."

बाई "अगं, अगं" करत उठल्या. तोवर मी त्याच्या गळ्यावर होते. तो हलला नाही. त्यानं हनुवटी वर केली, गळा ताणून धरला, ज्या कोनात मेहुणा रेड्याचा गळा ताणून धरायचा अगदी त्याच कोनात. तिनं सगळ्या अंगाचा भार देऊन मला ओढलं.

मी शिरले नाही. कातडी दबली, एक लाल रेघ उमटली, बस्स. तिनं पुन्हा ओढलं. कातडीची सुरकुती माझ्यापुढं धावली आणि रेघ थोडी रुंद झाली. मी काय सांगू माझी अवस्था! सकाळी ज्या बोथटपणाची मला लाज वाटली, दुपारी तोच मी घट्ट धरून बसले होते.

"हिला धारच नाही," ती म्हणाली. आणि म्हणताम्हणता तिला कळलं की हेच ते, ह्यानंच माझा भाऊ मेला. तिनं मला फरशीवर फेकलं. माझं टोक तेव्हा मोडलं. ती खाली बसली आणि ऊर बडवून रडली, आणि तो गळ्यावर हात धरून तिच्यासमोर बसला. त्याच्या बोटांतून रक्त येत होतं, पण पुसण्याइतकंच.

रडणं ओसरल्यावर ती म्हणाली, "वाच. काय लिहिलंय ते मला वाचून दाखव."

त्याला धड वाचता येत नव्हतं. बाईंनी हात पुढं केला, पण ती म्हणाली, "यानंच वाचायचं." त्यानं म्यानातून ते पान काढलं, रक्तानं चिकटलेलं. अक्षर अक्षर लावत त्यानं ओढा वाचला, बैल वाचला, दोन चेहरे वाचले. त्याला फार वेळ लागला. तिनं त्याला मधे तोडलं नाही.

"चांगलं आहे," ती शेवटी म्हणाली. "खोटं नाही वाटत. हा माणूस तिथं एकटाच होता का?"

"एकटाच."

"म्हणूनच." तिनं डोळे पुसले. "याच्यापुढं कुणी दोर धरून उभं नव्हतं."

या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. माझं मोडकं टोक घासून नवं केलंय, चार बोटांतलं एक बोट गेलं. एकघावनं मला पुन्हा गळ्याला लावलं नाही. तो मुकादमाकडे गेला आणि म्हणाला, "मी दोर धरतो." मुकादम म्हणाला, "अरे, तिथं शिकाऊ माणूस उभा राहतो, तुझ्यासारखा कारागीर नाही." तो म्हणाला, "माझ्यासारख्यानंच उभं राहायला पाहिजे." त्यानं मला डावऱ्याच्या हवाली केलं आणि शिंगांसमोर, कठड्याला पाठ लावून जाऊन उभा राहिला. आज तो तिथंच उभा असतो. गळ्यावर पांढरी रेघ आहे, दोन पदरी. एकघाव आता त्याला कुणी म्हणत नाही.

बाई पुस्तक रद्दीत टाकायला निघाल्या होत्या. त्यानंच अडवलं. म्हणाला, "त्यानं कुठं सांगितलं होतं दगड थांबव म्हणून?" तेव्हा वाचन चालू आहे. फक्त जुना कायदा मोडलाय, आणि तो त्यानं मोडलाय. बाई चष्मा लावून बसतात, पुस्तक मांडीवर मिटलेलं. तो बाकासमोरून एकेकाकडे जातो आणि तोंडावर विचारतो, "धार झाली का?" कुणाचाही दात पडत नाही. सगळ्यात शेवटी तो डावऱ्यापुढं आपला हात करतो आणि डावरा मला त्याच्या कातडीवरून फिरवतो. केस तरी किती पुरणार! दोन्ही हात गुळगुळीत झाले, आता आम्ही पोटरीपर्यंत पोचलोय. संध्याकाळी घरी गेला की बायको आधी केस कुठले गेलेत ते बघते आणि मग ताट वाढते, असं तो डावऱ्याला सांगत होता. 'अहो' म्हणायला तिनं अजून सुरुवात केलेली नाही.

माझं मागणं एवढंच. तुम्ही शिकलेली माणसं, रानातल्या माणसांची पुस्तकं वाचता, आतल्याचं ऐकता. ऐका की, मी कोण नको म्हणणारी? पण तुमच्याही समोर कुणीतरी दोर धरून उभं असतं आणि ते तुम्हाला विचारायला लाजतं. त्याला लाजायला लावू नका.

चला, बोलावणं आलं. माझा नंबर लागला. माझ्या जुन्या धन्यानं पोटरीवरचे केस फुंकून उडवले, आणि मान वर करून म्हणाला, "झाली धार. बाई, आता वाचा."